सहा आठवड्यांचे 'आम्ही'

नवराबायकोने मिळून युरोप पाहून येणे ही आता आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांतली नेहमीची गोष्ट झाली आहे. परतल्यावर फोटो दाखवले जातात, चॉकलेटे वाटली जातात आणि हकिकत सांगताना एक सर्वनाम सतत कानांवर पडत राहते : आम्ही. 'आम्ही लुसर्नला गेलो', 'आम्हांला पॅरिस काही तितकेसे भावले नाही'. पॅरिस नेमके कोणाला भावले नव्हते, हे विचारायची आपली पद्धत नाही. मराठी वाचकाला हे सर्वनाम तसे जुने ओळखीचे आहे. 'अपूर्वाई' (१९६०) वाचताना सुनीताबाई सतत सोबत असतात. पण त्यांना युरोप कसा दिसला हे आपल्याला पुलंच्याच लेखणीतून कळते. सुनीताबाईंचे स्वतःचे पुस्तक, 'आहे मनोहर तरी', आले ते तीस वर्षांनी, आणि त्याचा विषय प्रवास हा नव्हता.

आम्ही दोघेही महाविद्यालयात साहित्य शिकवतो आणि बरेचसे लेखनही जोडीने करतो. त्यामुळे या सर्वनामाकडे थोडे संशयाने पाहायची आम्हांला सवय लागली आहे. काही वर्षांपूर्वी उन्हाळी सुट्टीत आम्हीही अशाच एका सहलीला गेलो होतो. लुसर्नच्या सरोवराकाठी बस थांबली, मार्गदर्शकाने घड्याळ दाखवून पन्नास मिनिटे दिली. त्या पन्नास मिनिटांत आमच्यापैकी एकाला सरोवर पाहायचे होते आणि दुसऱ्याला सरोवराच्या पलीकडचे ब्रुनेन नावाचे गाव कोणत्या दिशेला आहे ते शोधायचे होते. ब्रुनेन दिसण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु ज्या पुस्तकामुळे ते नाव डोक्यात बसले होते, ते पुस्तक आम्ही परतल्यावर पुन्हा काढून वाचले. 'हिस्टरी ऑफ अ सिक्स वीक्स टूर' हे ते पुस्तक, प्रकाशनवर्ष १८१७, लेखकाचे नाव नाही.

नाव नसले तरी लेखिका कोण हे आता सर्वज्ञात आहे : मेरी शेली. 'फ्रँकेन्स्टाइन' यानंतर काही आठवड्यांनी, जानेवारी १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही निनावीच. प्रवास मात्र १८१४ सालचा. त्या वर्षी २८ जुलैला पहाटे मेरी गॉडविन लंडनमधल्या आपल्या वडिलांच्या घरातून बाहेर पडली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तिच्याबरोबर जाणारा कवी पर्सी बिश शेली एकवीस वर्षांचा, विवाहित, एका मुलीचा बाप. त्याची पत्नी हॅरिएट दुसऱ्यांदा गरोदर होती. तिसरी व्यक्ती म्हणजे मेरीची सावत्र बहीण जेन, जी पुढे क्लेअर क्लेअरमाँट या नावाने ओळखली गेली. तीही सोळाचीच. तिला फ्रेंच चांगले येत होते, आणि पळून जाणाऱ्यांना दुभाष्याची गरज असतेच. डोव्हरहून एका लहान होडीतून रात्रभर वादळात हेलकावे खात हे तिघे पहाटे कॅलेला पोचले. मेरीची सावत्र आई पाठोपाठ कॅलेपर्यंत आली, आपल्या मुलीला परत नेण्याचा तिने प्रयत्न केला आणि ती हात हलवीत परत गेली. पुस्तकात यातले वादळ आहे, आई नाही.

या प्रवासाचा काळ लक्षात घेतला पाहिजे. अठराव्या शतकात इंग्रज उमरावांची मुले शिक्षक बरोबर घेऊन, स्वतःच्या गाडीतून, महिनोन्‌महिने फ्रान्स आणि इटलीत हिंडत असत; 'ग्रँड टूर' हे तिचे नाव. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झाले आणि १८०२-०३ मधल्या अल्पकाळाच्या तहाचा अपवाद सोडता इंग्रजांना युरोपचे दार जवळजवळ बंद झाले. एप्रिल १८१४ मध्ये नेपोलियनने सिंहासन सोडले, त्याची रवानगी एल्बा बेटावर झाली आणि दार उघडले. उघडलेल्या दारातून जे पहिले लोंढे आत घुसले त्यांत हे तिघे होते. फरक इतकाच की त्यांच्याजवळ ना स्वतःची गाडी होती, ना शिक्षक, ना पैसे. पॅरिसमध्ये शेलीला आपले घड्याळ आणि साखळी विकावी लागली. पुढे एका सावकाराकडून साठ पौंड मिळाले, आणि मग त्यांनी ठरवले की स्वित्झर्लंडपर्यंत पायी जायचे, सामानासाठी आणि थकलेल्या माणसाला बसण्यासाठी एक गाढव घ्यायचे.

गाढवाची हकिकत पुस्तकात मोठ्या गमतीने आली आहे. पॅरिसबाहेर शारांतोंपर्यंत जाता जाता ते जनावरच इतके थकले की त्याच्यावर बसायचे सोडा, त्यालाच सांभाळून न्यायची वेळ आली. ते विकून खेचर घेतले. त्र्वा शहरापर्यंत शेलीचा पाय मुरगळला, तो खेचरावर आणि दोघी मुली काळ्या रेशमी झग्यांत पायी अशी वरात निघाली. त्र्वाला खेचर विकून एक उघडी गाडी घेतली. प्रत्येक व्यवहारात नुकसान. ज्याला आज आपण 'रमतगमत केलेला प्रवास' म्हणू त्याचा उगम असा दारिद्र्यात आणि अव्यवहारात होता, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. पाय दुखत होते म्हणून गती मंद होती. तिला सौंदर्यदृष्टीचे नाव तीन वर्षांनी, लिहिताना मिळाले.

पण मंद गतीचा एक लाभ खरा होता. गाडीच्या खिडकीतून जे दिसले नसते ते पायी जाताना दिसले. नोजाँ, सेंट ओबँ, एशमिन ही गावे त्याच वर्षीच्या हिवाळ्यात रशियन कोसॅक फौजांनी जाळली होती. छपरे नाहीत, गुरे नाहीत, दूध मागावे तर गाईच नेलेल्या. एका मुक्कामी खायला मिळाले ते शिळे मांस आणि आंबट भाकरी असल्या जातीचे. पुस्तकाच्या हलक्याफुलक्या सुरात इथे एकदम वेगळा आवाज येतो. युद्ध म्हणजे काय हे इंग्लंडमध्ये घरी बसलेल्यांना कळणार नाही, अशा अर्थाचे ती लिहिते. युरोपच्या प्रवासवर्णनांची परंपरा चित्रे, चर्च आणि भग्न मंदिरे यांची. सहा महिन्यांपूर्वी जळालेले घर त्या परंपरेत सहसा बसत नसे. सतरावे वर्षही पुरे न झालेल्या मुलीने ते बसवले, याचे श्रेय तिला फारसे दिले जात नाही.

त्र्वाहूनच शेलीने हॅरिएटला पत्र लिहिले. तूही स्वित्झर्लंडला ये, आपण सगळे एकत्र राहू, असे त्यात होते. हे पत्र भाबडेपणाचे की निर्दयतेचे, यावर चरित्रकारांत मतभेद आहेत. आमच्यातही आहेत, आणि ते मिटतील असे दिसत नाही.

नशातेलला आणखी पैसे मिळाले तेव्हा शेली चांदीच्या नाण्यांची जड पिशवी वाहत खोलीवर आला. २३ ऑगस्टच्या सुमारास लुसर्न, मग होडीने ब्रुनेन. समोर सरोवर, विल्यम टेलच्या दंतकथेतला प्रदेश, एक कथा लिहायला शेलीने सुरुवातही केली. एका मोठ्या, कुरूप घरात सहा महिन्यांच्या कराराने दोन खोल्या घेतल्या. आणि दोन दिवसांत निर्णय फिरला : इंग्लंडला परत. का? पुस्तकातले उत्तर सयुक्तिक आहे. अठ्ठावीस पौंड उरले होते, डिसेंबरपर्यंत नवे पैसे येण्याची आशा नव्हती, म्हणून परतणे भाग होते. 'आम्ही' हिशेब केला, 'आम्ही' ठरवले. परंतु क्लेअरही रोजनिशी लिहीत होती. ती म्हणते, सहा महिन्यांसाठी घेतलेल्या घरातून दुसऱ्याच दिवशी इंग्लंडला निघायचे, आणि सगळे कशामुळे तर खोलीतली शेगडी पसंत पडली नाही म्हणून, हसू येते.

पैसे की शेगडी? दोन्ही कारणे खरी असणे शक्य आहे. ओलसर, थंड खोलीत शेगडी पेटत नसताना पैशांचा हिशेब अधिक निकडीचा वाटतो, हा संसारी माणसाचा अनुभव आहे. परंतु 'आम्ही'च्या आत कोणाला तरी परतायचे होते आणि कोणाला तरी ते हास्यास्पद वाटत होते, ही गोष्ट छापील पुस्तकातून पूर्ण गळाली आहे. पुस्तकात क्लेअरचे नावही नाही. तिचे आद्याक्षर आणि पुढे फुल्या, इतकेच. शेलीचेही तसेच.

मात्र शेलीचा पुस्तकातला वाटा फुल्यांपुरता नव्हता. ज्या रोजनिशीवरून पुस्तक तयार झाले ती मेरी आणि शेली यांची सामाईक वही होती. सुरुवातीच्या नोंदी त्याच्याच हस्ताक्षरात आहेत. तेव्हा छापील मजकुरात 'आम्ही' म्हणून बोलणाऱ्या मेरीच्या तोंडी काही वाक्ये मुळात त्याची आहेत. प्रस्तावनाही त्याने लिहिली, तीही लेखिकेच्या वतीने, आणि तिच्यात लेखिका आपला पती व बहीण यांच्याबरोबर प्रवासाला गेली असे सांगितले. १८१४ च्या जुलैत तो तिचा पती नव्हता. हॅरिएटचा मृतदेह लंडनच्या सर्पेंटाइन तळ्यात सापडला डिसेंबर १८१६ मध्ये, आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ३० डिसेंबरला, मेरी आणि शेली यांचे लग्न झाले. पुस्तक छापले गेले तेव्हा प्रस्तावनेतला 'पती' हा शब्द कायद्याने बरोबर होता. एका शब्दाने तीन वर्षे मागे जाऊन सगळे सरळ करून टाकले.

परतीचा प्रवास पाण्यावरून झाला, कारण तो सर्वांत स्वस्त. आधी रॉइस नदी, मग ऱ्हाइन. ३० ऑगस्टला मेरीला सतरा पूर्ण झाली. होडीत मोठ्याने वाचायला त्यांनी घेतले होते ते मेरी वुलस्टनक्राफ्टचे स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमधून लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक (१७९६), म्हणजे मेरीच्या आईचे. ही आई तिच्या जन्मानंतर अकरा दिवसांतच गेली होती. आईचा आवाज तिला ओळखीचा होता तो पुस्तकांतूनच, आणि त्या पुस्तकातली प्रवासी स्त्री एकटी, तान्ह्या मुलीला घेऊन हिंडणारी, 'मी' म्हणणारी होती. मेरीने ते वाचूनही स्वतःच्या पुस्तकासाठी 'आम्ही' निवडले, हे आम्हांला विचार करण्यासारखे वाटते.

माइन्झ ते बॉन या टापूतल्या किल्ल्यांचे आणि द्राक्षमळ्यांचे वर्णन सुरेख आहे. सहप्रवाशांचे वर्णन मात्र मुळीच उदार नाही. होडीतले सामान्य जर्मन लोक तिला किळसवाणे वाटतात. जागेवरून झालेल्या एका भांडणात शेलीने एकावर हात उगारला, हेही ती बिनदिक्कत नोंदवते. मानवजातीच्या समतेवर निष्ठा असलेल्या या तरुणांना समतेचा सहवास सोसवला नाही. (वाटेत गेर्न्सहाइमला ते काही तास थांबले होते, त्यावरून जवळच्या फ्रँकेन्स्टाइन किल्ल्याशी कादंबरीचा धागा जोडणारी कथा तिकडे पर्यटकांना सांगितली जाते. त्यांच्या रोजनिश्यांत त्या किल्ल्याचा उल्लेख नाही.)

हॉलंडमधून समुद्र ओलांडून १३ सप्टेंबरला ते ग्रेव्हझेंडला उतरले. आठशे मैलांचा प्रवास तीस पौंडांहून कमी खर्चात झाला, असे पुस्तक समाधानाने सांगते. हा हिशेब अपुरा आहे. जहाजाचे भाडेही त्यांच्याजवळ उरले नव्हते. पैसे वसूल करण्यासाठी नावाडी बरोबर आला, आणि लंडनमध्ये दारोदार हिंडून झाल्यावर शेली शेवटी गेला हॅरिएटकडेच. मेरी आणि क्लेअर बाहेर गाडीत जवळजवळ दोन तास बसून होत्या. आत सहा-सात महिन्यांची गरोदर बाई होती. पैसे तिने दिले. युरोपातल्या त्या पहिल्या सहलीच्या शेवटच्या टप्प्याचे भाडे असे चुकते झाले. पुस्तकातली या प्रवासाची हकिकत ग्रेव्हझेंडला संपते.

त्यानंतरचे सर्वांना ठाऊक आहे : १८१६ चा जिनिव्हाकाठचा थंड, पावसाळी उन्हाळा, बायरन, भुतांच्या गोष्टी, मग १८१८ पासून इटली, तिथे दोन मुलांचे मृत्यू, आणि ८ जुलै १८२२ रोजी समुद्रात शेलीचा अंत. मेरी पुन्हा युरोपात हिंडायला निघाली ती १८४० मध्ये. बरोबर वीस वर्षांचा मुलगा आणि त्याचे केंब्रिजचे मित्र. आता ऱ्हाइनवर आगबोटी होत्या, मरेची हँडबुके प्रवाशांच्या हातांत होती, पुढच्याच वर्षी टॉमस कुक आपली पहिली रेल्वे सहल काढणार होता. १८४२-४३ मध्ये ती परत गेली, प्राग, व्हेनिस, रोम पाहून आली, आणि १८४४ मध्ये 'रॅम्बल्स इन जर्मनी अँड इटली' हे तिचे शेवटचे पुस्तक दोन खंडांत निघाले. एका इटालियन निर्वासिताला आर्थिक मदत व्हावी हाही लिहिण्यामागचा हेतू होता. या वेळी लेखिकेचे नाव होते. पुस्तक पत्ररूप आहे, आईच्या पुस्तकासारखे, आणि त्यात बोलते ती 'मी'.

१८४० च्या परतीच्या वाटेवर तिला जिनिव्हाचे सरोवर लागले. पलीकडच्या काठावर बायरनचे घर दिसले, द्राक्षमळे, त्यांतून चढत जाणारी पाऊलवाट, होडी बांधायची ती लहानशी जागा. सगळे होते तसेच होते. त्या उन्हाळ्यातल्या मंडळींपैकी बायरन १८२४ मध्ये गेला होता, शेली त्याच्या दोन वर्षे आधी. क्लेअर मात्र होती. ती शिकवण्या करून, परक्यांच्या घरी राहून पोट भरीत आली होती, आणि पुढे १८७९ मध्ये फ्लॉरेन्सला वारली, मेरीच्या अठ्ठावीस वर्षांनंतर. शेगडीची हकिकत असलेल्या तिच्या रोजनिश्या पुस्तकरूपाने छापल्या गेल्या १९६८ मध्ये.