स्पर्शबोधाचे पुनःशिक्षण (हस्तविषयक)

हाताचा मज्जातंतू तुटून स्पर्शज्ञान हरपल्यावर शस्त्रक्रियेने तो जोडला, तरी वाढणारे तंतुक आपल्या पूर्वस्थानीच पोचतील याची शाश्वती नसल्याने मेंदूकडे येणारे संदेश त्याला अपरिचित वाटतात. या संदेशांचा अर्थ मेंदूस नव्याने शिकविणाऱ्या पद्धतशीर सरावास स्पर्शबोधाचे पुनःशिक्षण ही संज्ञा आहे. इंग्लंडात विन पॅरी आणि अमेरिकेत डेलन यांनी या सरावास शास्त्रीय शिस्त लावली. हा सराव ज्या व्यवसायोपचाराच्या (ऑक्युपेशनल थेरपी) कक्षेत येतो, त्याचे शिक्षण भारतात प्रथम कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले.

या सरावाची गरज कोठे पडू शकते याचे एक उदाहरण घेऊ. कतारमधील अल खोर हे दोहाच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरवरील, एके काळी मोती आणि मासळीवर जगलेले बंदर. आज शेजारच्या रास लाफान येथील नैसर्गिक वायूच्या उद्योगामुळे तेथे भारतीय कामगारांची मोठी वस्ती असून त्यांत मराठी भाषकही आहेत. हमद वैद्यकीय निगमाचे रुग्णालय येथे २००५ पासून आहे. अशा एखाद्या कामगाराचा मनगटाशी असलेला मध्य मज्जातंतू पत्र्याच्या धारेने तुटला, तर आंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अर्धी अनामिका बधिर होते. तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढत असल्याने बोटांच्या अग्रापर्यंत पोचण्यास सहा महिन्यांचा अवधी सहज लागतो.

या अवधीत हाताचे रक्षण डोळ्यांनी करावयाचे असते. ज्या प्रदेशात उन्हाळ्यातील पारा ४० अंशांपुढे जातो, तेथे उन्हातला लोखंडी नळ बधिर बोटांना वेदनेवाचून भाजतो. कुष्ठरुग्णांच्या हातांवरील जखमांचे मूळ प्रत्यक्ष रोगापेक्षा या बधिरतेतच असते, हे वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले; तो धडा प्रत्येक बधिर हातास लागू आहे.

स्पर्श परतू लागताच सराव सुरू होतो. पेन्सिलीच्या टोकावरील रबर बोटावरून फिरवावे, मग एकाच जागी दाबावे. आधी पाहत, मग डोळे मिटून, पुन्हा पाहत, आणि काय जाणवले ते मनाशी उच्चारीत. पुढे डाळीच्या वाटीत पुरलेले नाणे, किल्ली, नट न पाहता ओळखून काढावे. दिवसातून अनेकदा, थोडा थोडा वेळ आणि शांत जागी केलेला सराव एकदाच केलेल्या दीर्घ सरावापेक्षा हितकर ठरतो.

हात वापरात नसल्यास मिळविलेली ओळख पुन्हा मंदावते; म्हणून रजेवर गावी निघालेल्या कामगाराने शस्त्रक्रियेचे कागद सोबत घ्यावेत आणि तेथील व्यवसायोपचारतज्ज्ञाकडे जाऊन सराव अखंड चालू ठेवावा.