देवळाच्या छायेंत वाढलेलीं खर्जाचीं पितळी वाद्यें

महोत्सवाचा दिवस जवळ येऊं लागला म्हणजे लहान वाद्यवृंदाच्या चालकांस एक विवंचना पडते. खर्जांत वाजणाऱ्या पितळी वाद्यांस, म्हणजे ट्राँबोनांस व ट्यूबास, वाजवावयास द्यावें तरी काय? व्हायोलिनें अवघीं सहा, आणि मागें तीन ट्राँबोन! अशा वेळीं एखाद्या थोर सिंफनीचें नांव साहजिकच पुढें येतें. परंतु निवड करण्यापूर्वीं या वाद्यांचें पूर्ववृत्त पाहणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

सिंफनींत येण्यापूर्वीं ट्राँबोन दीर्घ काळ देवळांत नांदत होता. त्याची नळी पुढेंमागें सरकते, त्यामुळें मनुष्यकंठाप्रमाणें तो हवा तो स्वर नेमका लावूं शकतो. व्हेनिस येथील संत मार्काच्या मंदिराचे ऑर्गनवादक जोव्हान्नी गाब्रिएली यांनीं १५९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'सोनाता पियान ए फोर्ते' या रचनेंत आठ वाद्यांपैकीं सहा ट्राँबोन आहेत. साल्झबुर्गच्या कॅथीड्रलांत तर तीन ट्राँबोन गायकवृंदांतील आल्टो, टेनर व बास या आवाजांबरोबर वाजत. जेथें गाणारे थोडे, तेथें या साथीचा केवढा आधार! त्याच नगरींत वाढलेल्या मोझार्टनें १७९१ सालच्या आपल्या अपुऱ्या राहिलेल्या रेक्विएमांत अंतिम न्यायाच्या तुतारीचा स्वर एकट्या ट्राँबोनकडे सोंपविला, यांत नवल तें काय?

सिंफनींत मात्र या वाद्यांच्या वांट्यास बहुधा मौनच येतें. २२ डिसेंबर १८०८ रोजीं व्हिएन्नांत प्रथम वाजलेल्या बेथोव्हेनच्या पांचव्या सिंफनींत ट्राँबोन केवळ चौथ्या, म्हणजे अखेरच्या भागांत वाजतात. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनींतही (१८७६) तसेंच. बर्लिनमध्यें १८३५ सालीं पेटंट मिळालेल्या ट्यूबाची दशा तर विचारूंच नये! द्वोर्झाकच्या १८९३ सालच्या नवव्या सिंफनींत त्यास एकाच भागांत मोजके स्वर आहेत. दिवसभर कष्ट करून सायंकाळीं तालमीस येणाऱ्या हौशी वादकास विराम मोजीत बसविलें, तर पुढल्या आठवड्यास तो येईल काय? बरें, वाजवूं लागला कीं ती सहा व्हायोलिनें ऐकूं येणें कठीण.

यास्तव देवळाच्या संगीताकडे वळावें. बेथोव्हेननेंच १८१२ सालीं लिंट्स येथें मृतांच्या स्मरणदिनासाठीं चार ट्राँबोनांच्या तीन 'एक्वाली' रचिल्या, आणि १८२७ सालीं त्यांपैकीं दोन त्याच्याच अंत्यविधीच्या वेळीं ऐकूं आल्या. १८४७ सालीं ब्रुकनरनेंही तीन ट्राँबोनांसाठीं दोन लिहिल्या. या रचना लहान, संथ व हौशी हातांस झेपणाऱ्या आहेत. श्वास मात्र लांब हवा. ट्यूबावादक असेल, तर बेथोव्हेनचा सर्वांत खालचा भाग त्यास द्यावा.