सोमालीलँडचे राष्ट्राध्यक्षपद

सोमालीलँड हा एडनच्या आखातालगतचा, एके काळच्या ब्रिटिश संरक्षित प्रदेशाचा मुलूख. एडन मुंबई इलाख्यात मोडत असे, त्यामुळे या किनाऱ्याचा कारभारही १८९८ पर्यंत त्याच वाटेने चाले. २६ जून १९६० रोजी हा प्रदेश स्वतंत्र झाला आणि अवघ्या पाच दिवसांनी, १ जुलैला, इटलीच्या ताब्यातून सुटलेल्या दक्षिणेकडील सोमालियात विलीन झाला. त्या पाच दिवसांचे सरकार मोहम्मद हाजी इब्राहिम इगाल यांचे होते. हे नाव पुढे पुन्हा येते.

विलीनीकरण उत्तरेला लाभले नाही. १९६९ मध्ये लष्करी उठाव करून सियाद बारे सत्तेवर आले. त्यांच्याविरुद्ध १९८१ मध्ये सोमाली नॅशनल मूव्हमेंट ही संघटना उभी राहिली. १९८८ मध्ये सरकारी विमानांनी हर्गेसा शहरावर बाँबफेक केली. ही विमाने हर्गेसाच्याच विमानतळावरून उडत होती. त्यांतले एक मिग विमान आज शहराच्या मध्यभागी चौथऱ्यावर बसवलेले आहे. स्वतंत्र राष्ट्राध्यक्ष असण्याचा हट्ट कुठून आला, हे त्या चौथऱ्यापाशी उभे राहिले की कळते.

बारे यांची राजवट कोसळल्यावर १८ मे १९९१ रोजी बुराओ येथे कुळांच्या वडीलधाऱ्यांनी आणि संघटनेच्या नेत्यांनी स्वातंत्र्य घोषित केले. संघटनेचे अध्यक्ष अब्दिरहमान अहमद अली ‘तूर’ दोन वर्षांसाठी पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या हाती ना खजिना होता ना एकसंध सैन्य. बुराओ आणि बरबेरा येथे कालचे सोबतीच एकमेकांशी लढले.

यातून वाट काढली ती बोरामा येथील परिषदेने. १९९३ च्या जानेवारीपासून मेपर्यंत ती चालली. गदाबुर्सी कुळाच्या या शहरात निरनिराळ्या कुळांचे वडीलधारे जमले, आधी आपसातली भांडणे मिटवत बसले आणि मगच सत्तेच्या प्रश्नाकडे वळले. मतदानाचा हक्क दीडशे जणांना होता. त्यांनी तूर यांच्या जागी इगाल यांना निवडले आणि तूर पायउतार झाले. तिथेच ‘गुर्ती’ या ज्येष्ठांच्या मंडळाला संसदेच्या वरच्या सभागृहाचे स्थान मिळाले. बाहेरच्या कोणत्याही मोठ्या सत्तेने ही परिषद घडवली नव्हती, आणि तिचे यश टिकण्याचे मोठे कारण तेच असावे.

इगाल यांनी या पदाला कारभाराचे रूप दिले. व्यापाऱ्यांकडून कर्ज घेतले, बरबेरा बंदराची जकात सरकारात आणली, सशस्त्र टोळ्यांना पगारी सैन्यात सामावले, १९९४ मध्ये स्वतःचे शिलिंग काढले. त्याच वर्षी पुन्हा यादवी पेटली, ती १९९६ पर्यंत धुमसत राहिली. शिलिंग मात्र टिकले. पुढे त्याची किंमत इतकी उतरली की हर्गेसाच्या बाजारात पैसे बदलून देणारे नोटांच्या गड्ड्या विटांसारख्या रचून बसू लागले. ३१ मे २००१ च्या सार्वमताने राज्यघटना संमत झाली. राष्ट्राध्यक्ष व उपराष्ट्राध्यक्ष थेट जनतेने एकत्र निवडायचे, मुदत पाच वर्षे, जास्तीत जास्त दोनदा, आणि राजकीय पक्ष तीनच, असे तिने ठरवले.

३ मे २००२ रोजी इगाल प्रिटोरियात वारले. उपराष्ट्राध्यक्ष दाहिर रियाले काहिन यांनी घटनेप्रमाणे लगेच सूत्रे घेतली. ते बहुसंख्य इसाक कुळाचे नव्हते, गदाबुर्सी होते. शिवाय बारे यांच्या गुप्तचर यंत्रणेत अधिकारी राहिलेले. तरीही शपथविधी सुरळीत पार पडला.

खरी कसोटी लागली ती १४ एप्रिल २००३ च्या निवडणुकीत. मतदारयादी नव्हती, दुबार मतदान रोखायला भिस्त बोटावरच्या शाईवर. जवळपास ४ लाख ८८ हजार मते मोजली गेली. रियाले यांना २,०५,५९५ मते, अहमद मोहम्मद सिलान्यो यांना २,०५,५१५. अंतर ऐंशीचे. सर्वोच्च न्यायालयाने ते २१७ ठरवले. सिलान्यो यांच्या कुल्मिये पक्षात संताप उसळला, लोकांकडे युद्धकाळातली शस्त्रे होती आणि समांतर सरकार बनवण्याची भाषा सुरू झाली. आठवडे तणावात गेले. वडीलधाऱ्यांनी समजूत घातली आणि सिलान्यो यांनी निकाल मानला. या पदाच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा निर्णय, आणि तो हरलेल्या माणसाने घेतला. २०१० मध्ये तेच जवळपास निम्मी मते मिळवून निवडून आले, तेव्हा रियाले यांनीही खुर्ची सोडली.

वेळापत्रक मात्र क्वचितच पाळले गेले. मुदत वाढवून देण्याचा अधिकार गुर्तीला आहे, आणि तिने तो रियाले, सिलान्यो आणि मूसा बिही अब्दी या तिघांसाठीही वापरला. गुर्तीची स्वतःची निवडणूक कधीच झाली नाही, हा या व्यवस्थेतला गंभीर दोष आहे. बिही २०१७ मध्ये निवडून आले, त्या वेळी मतदारनोंदणी डोळ्यांच्या बुबुळांवरून झाली होती. त्यांच्याच कारकिर्दीत, २०२३ मध्ये, पूर्वेकडील लास अनोद येथे धुल्बहान्ते कुळाने हर्गेसाची सत्ता झुगारली आणि सैन्याला मागे हटावे लागले. बोरामाची सहमती तिथपर्यंत पुरली नव्हती.

या साऱ्या काळात, तीन दशकांहून अधिक, संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने हे राज्य मानले नाही. त्यामुळे जागतिक बँकेचे कर्ज मिळाले नाही, आणि परदेशांशी करार करायचा तर सोमालियाचा आक्षेप ठरलेला. बिही यांनी १ जानेवारी २०२४ रोजी इथिओपियाला किनारा देण्याच्या समझोत्यावर सही केली, तेव्हाही हेच घडले. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत बिही हरले. २०१७ मध्ये त्यांच्याकडून हरलेले अब्दिरहमान मोहम्मद अब्दुल्लाही ‘इरो’ सुमारे ६४ टक्के मतांनी विजयी झाले आणि १२ डिसेंबरला हर्गेसात त्यांनी शपथ घेतली.