ग्रीन कार्ड
ग्रीन कार्ड हे अमेरिकेतील कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्याचे प्रचलित नाव असून ते पूर्वीच्या ओळखपत्राच्या हिरव्या रंगावरून पडले. नोकरीच्या आधारे दरवर्षी सुमारे १,४०,००० परवाने दिले जातात. त्यांत अर्जदाराचे कुटुंबीयही मोजले जातात. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक परवाने येत नाहीत. देश ठरतो तो जन्मावरून, नागरिकत्वावरून नव्हे. मात्र जोडीदाराचा जन्मदेशही ग्राह्य धरता येतो. भारतात जन्मलेल्यांची प्रतीक्षा त्यामुळे अनेक वर्षे लांबते. याची सर्वाधिक झळ मुलांना बसते. २००२ च्या कायद्यानुसार वयातून काही काळ वजा होतो, पण तो बहुधा अपुरा ठरतो. २१ वर्षे पूर्ण होताच मुले पालकांच्या अर्जातून वगळली जातात. अमेरिकेतच वाढलेल्या अशा मुलांना स्वतंत्र व्हिसा मिळवावा लागतो किंवा देश सोडावा लागतो.