प्रयोगशाळेपासून कारखान्यापर्यंत

शांतिस्वरूप भटनागर लाहोरला रसायनशास्त्र शिकवत होते तेव्हा त्यांच्यापुढे एक प्रश्न आला, तो चिखलाचा. रावळपिंडीच्या भागात अटक ऑइल कंपनी तेलासाठी विहिरी खोदत होती. खोदताना आत सोडायचा चिखल खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच थिजून घट्ट होई आणि काम अडे. भटनागरांनी त्यात देशी डिंक मिसळला. चिखल वाहता राहिला. कंपनीशी संबंधित स्टील ब्रदर्सनी त्याबद्दल दीड लाख रुपये देऊ केले, तेव्हा ती रक्कम त्यांनी स्वतः न घेता विद्यापीठात पेट्रोलियमच्या संशोधनासाठी वळवली.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, २६ सप्टेंबर १९४२ रोजी स्थापन झाली. भटनागर तिचे पहिले प्रमुख. महायुद्धाने परदेशी माल अडवला होता, आणि इथल्या कच्च्या मालातून काय काय करता येईल हे शोधणे सरकारलाही भाग पडले होते. रामस्वामी मुदलियारांनी सरकारात हा विषय लावून धरला. परिषदेचा पैसा मुख्यतः सरकारी. पण तिची नोंदणी सोसायटी म्हणून झालेली, आणि अध्यक्षपद पंतप्रधानांकडे. निर्णय कोण घेते, खर्चाचा जाब कोणाला द्यायचा, हे प्रश्न या रचनेतूनच निघतात. म्हणून नव्या अभ्यासकाने घटना आणि नियमावली कंटाळा न करता वाचावी.

मराठी वाचकाला या विषयाचे दार घराजवळच सापडेल. पुण्यात पाषाणच्या रस्त्यावर परिषदेच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी नेहरूंच्या हस्ते झाले. पहिले संचालक मॅकबेन परदेशातून आले. पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे रंगांच्या रसायनशास्त्रातले नाव. ते मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून आले, आणि त्या विभागाचा कापडगिरण्यांशी व रंगधंद्याशी जवळचा संबंध होता.

या अभ्यासाचा गाभा मात्र इमारतींत नाही. चंचुपात्रात जमलेली प्रक्रिया हजार लिटरच्या भांड्यात तशीच जमत नाही. भांडे मोठे होते तसे आतल्या द्रवाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी पडतो. उष्णता बाहेर जायला वाव राहत नाही, तापमान चढते, आणि छोट्या प्रयोगात शांत वाटलेली अभिक्रिया हाताबाहेर जाऊ शकते. ढवळणे, गाळणे, वाळवणे, सगळ्याचीच पुन्हा मांडणी करावी लागते. हा मधला खर्च आणि धोका कोणी उचलायचा? कारखानदार म्हणतो, आधी चालवून दाखवा. शास्त्रज्ञ म्हणतो, माझे काम झाले. परिषदेचे यशापयश मी या मधल्या पट्ट्यात मोजतो. शोधनिबंधांच्या किंवा पेटंटांच्या संख्येवरून ते कळत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेचे उदाहरण घ्या. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, त्याचे दहीही घट्ट लागते. तान्ह्या बाळाला ते पचणे अवघड. त्यापासून बालान्न करण्याची पद्धत संस्थेने बसवली आणि अमूलने ती आणंदच्या डेअरीत उत्पादनात उतरवली. इथे पलीकडच्या काठावर दूध उत्पादकांची सहकारी संस्था उभी होती, हे महत्त्वाचे. मतदाराच्या बोटावरची शाई दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने तयार केली. तिला तर निवडणूक हे हुकमी गिऱ्हाईक मिळाले आणि १९६२ पासून ती वापरात आहे.

भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांचा आक्षेप या क्षेत्रात येणाऱ्याने आधीच ऐकून ठेवावा. संशोधन विद्यापीठांबाहेर नेले तर विद्यापीठे कोरडी पडतील, असे ते म्हणत. मला तो आजही खरा वाटतो. उत्तम उपकरणे एकीकडे आणि विद्यार्थी दुसरीकडे, ही फारकत आपल्याला फार महाग पडली. तरीही काही कामे विद्यापीठाच्या आवाक्यातली नव्हतीच. गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळातून धातूंचे गोटे वर काढले. १९८७ मध्ये या महासागरातल्या एका खाणक्षेत्रावरचा भारताचा हक्क आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाला. असे जहाज कोणता विभागप्रमुख चालवणार?

हळदीचा खटला बहुतेकांना ठाऊक असतो. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले, आणि रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना परिषदेने जुने ग्रंथ व १९५३ चा एक वैद्यकीय निबंध पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करवले. त्यातून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभा राहिला, आणि जगभरचे पेटंट परीक्षक आज तो चाळतात. माझ्या मते लढ्याच्या गोष्टीपेक्षा हा संग्रह मोठा.

पुढील प्रकरणांत रसायनशास्त्र लागेल तेवढे जागच्या जागी समजावले आहे. अर्थशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या वाचकाने बिचकू नये. क्रमाने वाचण्याचेही बंधन नाही. कायदेकानूंत रस असणाऱ्याने १९४२ च्या रचनेपासून आरंभ करावा, आणि ज्याला कारखान्याची ओढ आहे त्याने थेट म्हशीच्या दुधाचे प्रकरण उघडावे.