लाकडी की लोखंडी?

हायब्रीड म्हटले की आपल्या शेतकऱ्याला ज्वारी आठवते. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित वाण आले आणि हा इंग्रजी शब्द बांधाबांधावर पोहोचला. आज मी बोलणार आहे ते मात्र हायब्रीड काठीविषयी, गोल्फच्या काठीविषयी.

आंबिवलीकरांना गोल्फशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण आंबिवलीला लोकल धरली आणि कुर्ल्याला गाडी बदलली की चेंबूर काही दूर नाही. आणि चेंबूरला १९२७ पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. शिवाय ज्याने विटीदांडू खेळला, त्याला निम्मी गोष्ट आधीच ठाऊक असते. दांडू हाताला बसला नाही तर विटी उडत नाही.

खेळ मूळचा स्कॉटलंडचा. मुंबईत साहेबलोकांनी १८४२ साली त्याचा क्लब काढला. काठ्यांच्या जाती दोन. लांब पल्ल्यासाठी लाकडी डोक्याची, नेमक्या टप्प्यासाठी लोखंडी पात्याची. लाकूड पुढे पर्सिमनचे वापरीत. हे अमेरिकन झाड आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातले. दांडा हिकरीचा असे. १९२९ साली ब्रिटनमध्ये पोलादी दांड्याला मान्यता मिळाली. मग थैल्या फुगत चालल्या, तेव्हा १९३८-३९ मध्ये चौदाच काठ्यांचा नियम झाला.

खरी पंचाईत होती तीन आणि चार नंबरच्या लोखंडी काठ्यांची. पाते अरुंद आणि जवळजवळ उभे. फटका केसभर चुकला की चेंडू जमिनीवरून सरपटत गेलाच! पट्टीचा खेळाडू निभावून नेई. रविवारी खेळणाऱ्याने काय करावे? लाकडी काठी घ्यावी, तर ती लांब, आणि उंच गवतात अडकणारी. या शतकाच्या आरंभी हायब्रीड रूढ झाली ती या अडचणीतून. धातूचे पोकळ, आटोपशीर डोके. वजन खाली आणि मागे, म्हणून चेंडू सहज उचलला जातो.

निवडताना नंबरावर भुलू नये, पात्याचा तिरकेपणा पाहावा. दोन कारखान्यांचे नंबर जुळतीलच असे नाही. आणि केरसुणीसारखी झाडून मारू नये. लोखंडी काठीसारखा किंचित वरून खाली फटका द्यावा. २००९ मध्ये कोरियाच्या यांग यांनी अमेरिकेतल्या पीजीए स्पर्धेत शेवटच्या भोकापाशी चेंडू नेला तो हायब्रीडनेच, आणि टायगर वुड्स हरले.

चेंबूरला हे सारे जवळून पाहिले ते थैली वाहणाऱ्या कॅडींनी. कोणत्या काठीने चेंडू कुठवर जाईल, हे पुष्कळदा मालकाआधी त्यांना कळते. पण थैली दुसऱ्याची. म्हणून वस्तीतल्या पोरांनी बांधकामाची लोखंडी सळई वाकवली, प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि घरांमधल्या बोळांत आपला गोल्फ मांडला. तिथे चौदा काठ्या कुठल्या? लांब फटका, जवळचा टोला, भिंतीला न लागता वळणापलीकडे जायचे, सगळे त्या एकाच सळईने.