कारंज्याचं टोरंट

टोरंटवर एखादा जुना मराठी सिनेमा शोधलाय कधी? नाव सापडतं, पण सीडर शून्य! ब्रॅम कोहेनने २००१ साली बिटटोरंट आणलं. उतरवून घेताना इतरांनाही वाटावं लागेल असं गणित त्यात होतं, पण नंतर फाईल सांभाळून कुणाला काय मिळणार? ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेलं फाईलकॉइन हीच फट बुजवायला आलं. दुसऱ्याचा डेटा ठेवा, ठेवलाय हे वेळोवेळी सिद्ध करा, नाणी घ्या. नाही जमलं तर अनामत कापली जाते.

मला मात्र आमच्या बाजूचं कारंजा आठवलं. केळापूरहून यवतमाळ-दारव्हा करत गेलात की लागतं ते. सेनगण, बलात्कारगण, काष्ठासंघ अशी तिथे तीन जैन मंदिरं, आणि पोथ्यांची भांडारं. ती भरली शास्त्रदानाने. म्हणजे श्रावकाने पैसे मोजायचे, लेखनिकाने ग्रंथ उतरवायचा, आणि प्रत मुनींना किंवा मंदिराला द्यायची. शेवटच्या पुष्पिकेत संवत, दात्याचं घराणं, आणि हेतूही: ज्ञान झाकणाऱ्या कर्माचा क्षय व्हावा. व्यवहाराची नोंद फाईलच्याच पोटात, बघा! आणि वेळोवेळीचा पुरावा? ज्येष्ठातली श्रुतपंचमी. त्या दिवशी पोथ्या काढायच्या, झटकायच्या, पुजायच्या.

पुष्पदंत कवी दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात अपभ्रंश काव्यं लिहीत होता. ९७२ च्या सुमारास परमारांनी ते शहर लुटलं. पण त्याचं 'जसहरचरिउ' १९३१ साली प. ल. वैद्यांनी संपादित करून छापलं, कारंजा जैन ग्रंथमालेचा पहिला खंड म्हणून. नकलांची साखळी तुटली नव्हती.

आता दुसरी बाजू. कर्नाटकात मूडबिद्रीला 'धवला' टीकेच्या ताडपत्री पोथ्या होत्या. पूजा व्हायची, दर्शन मिळायचं, पण वाचायला मिळत नसे. डेटा आहे हे सिद्ध, पण डाउनलोड बंद. (फाईलकॉइनवरही हाच आक्षेप घेतात: साठवल्याचा पुरावा मिळतो, परत मिळण्याची हमी त्यातून येत नाही.) १८९६ पासून तिथे नक्कल करायला परवानगी मिळाली, तीही प्रत तिथेच ठेवायच्या अटीवर. नक्कल करणाऱ्यांपैकी एका पंडिताने गुपचूप आणखी एक प्रत केली. ती सहारनपूरला पोचली आणि तिथूनही पुढे फुटली. अशाच प्रतींवरून अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातल्या प्रा. हिरालाल जैन यांनी १९३९ साली 'धवले'चा पहिला खंड छापला.

मूडबिद्रीच्या विश्वस्तांना ही चोरी वाटली असेल, तर नवल नाही. मी मात्र त्या पंडिताच्या बाजूचा.